शाळेत माणूस कामाला घेताना चौकशी कशी करायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न (बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी)

जूनच्या तोंडावर आमच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं येतात, ॲडमिशनवाली आणि नोकरीवाली, आणि नोकरीवाल्याच्या मागं हमखास एक शिफारसवाला असतो, "आपलाच माणूस आहे, घेऊन टाका की हो." मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत क्लार्क आहे, फायली माझ्याकडं असतात, म्हणून दुसऱ्या शाळांचे क्लार्क, कमिटीवाले, पालक सगळे मलाच फोन करून तेच तेच विचारतात. शेवटी एकदाचं लिहून काढलं.

पोलीस व्हेरिफिकेशन खरंच कंपल्सरी आहे की बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसवाले उगाच मागतात?

कंपल्सरी आहे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा २०१२ चा, त्याचे नवीन नियम मार्च २०२० मध्ये आले आणि त्यातल्या तिसऱ्या नियमात स्पष्ट लिहिलंय की शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी, जिथं जिथं मुलांशी रोजचा संबंध येतो तिथल्या प्रत्येक स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन आणि मागची चौकशी करायचीच. टीचिंग असो नॉनटीचिंग असो, पर्मनंट असो नाहीतर कॉन्ट्रॅक्टवरचा. आणि एकदा करून फाईल बंद असं पण नाही, वेळोवेळी करायचं असं लिहिलंय. किती वर्षांनी ते नियमात दिलेलं नाही, आम्ही आमच्यापुरतं दर तीन वर्षांनी ठरवलंय. त्याच नियमात स्टाफला मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग द्यायचं पण लिहिलंय, ते मात्र कुणी वाचत नाही.

माणूस गावातलाच आहे, त्याच्या आजोबापासून ओळखतो. तरी पण करायचं?

होय, करायचं. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा जरा रागातच असतो, कारण त्याला वाटतं आपण त्याच्या माणसावर संशय घेतोय. पण बघा, आपण त्या माणसाच्या वडलांना ओळखतो, शेत कुठं आहे, लग्न कुणाकडं झालं ते ओळखतो. तो मधली आठ वर्षं गोव्याला नाहीतर पुण्याला होता तेव्हा तिथं काय झालं ते कुणाला माहीत असतं का? आणि मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा परका नसतोच. केंद्र सरकारच्या महिला बालविकास खात्यानं २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांशी बोलून अभ्यास केला होता, त्यात निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्रास देणाऱ्यांत ओळखीची, विश्वासातली माणसं भरपूर होती. आपल्याकडं पोरं शिपायाला मामा म्हणतात, आहार शिजवणाऱ्या बाईला मावशी म्हणतात, गोड वाटतं ते मलाही, पण मामा म्हटलं की पोरगं त्याच्याबरोबर कुठंही जातं हे पण तेवढंच खरं.

आमच्याकडं आता सोपं उत्तर ठरलंय. शिफारसवाल्याला म्हणायचं, "अण्णा, हेडमास्तरांचं पण व्हेरिफिकेशन झालंय, तुमच्या माणसाला वेगळा नियम कसा लावू?" मग तो गप्प बसतो.

कुठल्या पोलिसांकडं करायचं? उमेदवार चंदगडचा आहे, राहतो बेळगावात.

इथंच आपल्या भागातल्या शाळा फसतात. नीट वाचा.

पोलीस चौकशी साधारण पत्त्यावर होते. म्हणजे तुम्ही टिळकवाडीचा पत्ता दिला तर बेळगाव शहर पोलीस कमिशनरच्या हद्दीतलं स्टेशन बघणार, त्याचं घर खानापुरात असलं तर ते जिल्ह्याच्या एसपींकडं, म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन ऑफिसं झाली. आणि तो मूळचा चंदगड तालुक्यातल्या शिनोळीचा असला, बेळगावापासून गाडीवर अर्ध्या तासाचा रस्ता, रोज कामाला येऊन जाणारी शेकड्यानं माणसं, तर कागदावर तो कोल्हापूर जिल्ह्यातला, दुसऱ्या राज्यातला. निपाणीत तर विचारूच नका, अर्धे उमेदवार कागलकडचे. देशातली पोलीस स्टेशनं कॉम्प्युटरवर जोडणारी यंत्रणा आहे, सीसीटीएनएस म्हणतात तिला, पण आपण एक पत्ता देऊन सोडून दिलं की उत्तर बहुतेक त्या पत्त्यापुरतंच येतं.

म्हणून आम्ही काय करतो, उमेदवाराकडनं मागच्या दहा वर्षांत कुठं कुठं राहिला त्याची यादी लिहून घेतो, भाड्याच्या खोल्यांसकट. कर्नाटकातल्या पत्त्याचं कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून होतं. महाराष्ट्रातल्या पत्त्याचं तिकडं 'चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र' म्हणतात, ते महाराष्ट्र पोलिसांकडं ऑनलाइन अर्ज करून उमेदवारानं स्वतः आणायचं. गोव्यात काम केलं असेल तर गोवा पोलिसांचं. तीन राज्यांत राहिला तर तीन कागद. होय, त्रास आहे. पण सीमेवर राहतो आपण, दसरा इकडं करून नोकरी तिकडं करतो, मग कागद पण दोन्हीकडचा पाहिजे.

सेवा सिंधूचा फॉर्म कन्नड-इंग्लिशमध्ये आहे, आमच्या शिपायाला कळत नाही.

ग्राम वन नाहीतर कर्नाटक वन सेंटरवर भरून देतात. फक्त एक करा, भरलेला फॉर्म सबमिट करायच्या आधी कुणीतरी त्याला मराठीत वाचून दाखवा, 'केस आहे का' या रकान्यात सेंटरवाला घाईत 'नाही' टाकून मोकळा होतो आणि नंतर खोटी माहिती दिली म्हणून बिचारा अडकतो.

पासपोर्टच्या वेळचं पोलीस सर्टिफिकेट चालेल का?

नको. पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) परदेशी जाण्यासाठी असतं. नोकरीचं व्हेरिफिकेशन वेगळं काढायला लावा, आणि ताजं.

आधार कार्डावर पाटील, दहावीच्या मार्कशीटवर गावाचं नाव लावून आडनाव. कुठलं धरायचं?

दोन्ही द्या. आपल्याकडं ही गोष्ट फार चालते, घरात पाटील, शाळेत येळ्ळूरकर, कन्नड कागदावर तिसरंच स्पेलिंग. लग्न झालेल्या बायकांचं माहेरचं नाव पण घ्या.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचं उदाहरण इंग्लंडातलं आहे. सोहम नावाच्या गावात २००२ साली दहा दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला, करणारा तिथल्या एका शाळेचा केअरटेकर. नंतर चौकशी बसली तेव्हा बाहेर आलं की तो आधी ज्या भागात राहायचा तिथल्या पोलिसांकडं त्याच्याविरुद्ध मुलींच्या बाबतीत तक्रारीवर तक्रारी होत्या, पण त्या नवीन भागाच्या पोलिसांपर्यंत पोचल्याच नाहीत, आणि नोकरीच्या वेळी त्यानं दुसरं आडनाव लावलेलं, तपासणी झाली ती फक्त त्या आडनावावर! २००४ मध्ये तो चौकशी अहवाल आला, २००६ मध्ये त्यांनी नवीन कायदा केला आणि २०१२ पासून तिथं अशा तपासणीसाठी डीबीएस म्हणून देशभराची एकच यंत्रणा आहे. दोन जिल्हे, दोन आडनावं, एवढ्यात निसटला तो माणूस. आपल्याकडं तर मध्ये राज्याची हद्द आहे.

सर्टिफिकेट क्लीन आलं. आता निर्धास्त ना?

नाही हो. क्लीन म्हणजे एवढंच की त्या नावावर, त्या हद्दीत पोलिसांकडं नोंद सापडली नाही. बरीचशी प्रकरणं पोलिसात जातच नाहीत, गावात बसून मिटवतात. मुलगी आहे, उद्या लग्न व्हायचंय, असं म्हणून आईबापच गप्प बसतात.

काही जण विचारतात की लैंगिक गुन्हेगारांची यादी सरकारनं केलीय ती आम्हाला बघता येईल का. यादी आहे, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रानं सुरू केली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते, शाळेला नाही. कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकून बघणारे पण आहेत, बघा, हरकत नाही, पण मुलांच्या केसेसमध्ये नावं बऱ्याचदा झाकलेली असतात, त्यामुळं काही सापडलं नाही म्हणजे काही नाहीच असं समजू नका.

खरी चौकशी पोलीस कागदाच्या पुढं सुरू होते. खालचा प्रश्न त्यासाठीच.

जुन्या शाळेत काय आणि कसं विचारायचं?

पहिलं म्हणजे उमेदवारानं दिलेल्या मोबाईल नंबरवर फोन करू नका, तो त्याच्या मेव्हण्याचा पण असू शकतो. शाळेचा नंबर स्वतः शोधा, हेडमास्तरांनाच द्या म्हणा. दुसरं, अनुभवाच्या दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' असतं ते सगळ्यांच्याच दाखल्यावर असतं, शिक्का मारल्यासारखं, त्याला काही अर्थ नाही. तीन प्रश्न सरळ विचारा: नोकरी का सोडली, मुलांच्या बाबतीत कधी तक्रार आली होती का, आणि परत आला तर घ्याल का.

आमच्या शाळेतलीच गोष्ट सांगते. खेळाच्या सरांच्या जागेसाठी एक जण आला होता, हद्दीपलीकडच्या एका शाळेतनं, बोलायला फर्डा, मेडलं दाखवली, पोलीस कागद पण स्वच्छ. कमिटी खूश. मी त्या शाळेला फोन लावला, तिथले सर म्हणाले चांगला होता, मुलांत मिसळायचा, सगळं छान. म्हटलं, सर, परत घ्याल का? बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, त्यापेक्षा तुम्ही दुसरा बघा." एवढंच. का ते त्यांनी सांगितलं नाही, मी पण खोदून विचारलं नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं, कारण आम्ही नाही घेतला तर तो तिसऱ्या शाळेत गेलाच असणार.

राजीनामा घेऊन, चांगला दाखला देऊन, गपचूप मोकळं करायचं ही आपल्या संस्थांची जुनी खोड आहे. "नाव खराब व्हायला नको." शाळेचं नाव वाचतं आणि पुढच्या गावातलं पोरगं सापडतं. अमेरिकेत पण हेच चालायचं, तिथं २०१५ च्या शिक्षण कायद्यात असं कलम घातलंय की मुलाशी गैरवर्तन केल्याचं माहीत असताना त्या माणसाला दुसऱ्या शाळेत नोकरी मिळवून द्यायला मदत करायची नाही.

मुलाखतीत आणि अर्जात काय बघायचं?

मधली गॅप बघा. २०१७ ला नोकरी सुटली आणि पुढची २०१९ ला, तर मध्ये काय केलं ते विचारा, शेती केली असेल, आई आजारी असेल, चालतं की, पण उत्तर पाहिजे आणि ते शक्यतो पडताळून बघता आलं पाहिजे. दर वर्षी शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेला फोन. बीएड, टीईटीचे ओरिजिनल बघा, झेरॉक्सवर जाऊ नका. आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा, "वर्गात पोरगं ऐकतच नाही, उलट बोलतं, काय कराल?" एका उमेदवारानं हसत हसत सांगितलं होतं की दोन लावून दिल्या की सरळ येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, २०१० पासून, हे त्याला बीएड करून पण माहीत नव्हतं. नाही घेतला.

स्वतःकडनं काही लिहून घ्यायचं का?

घ्या, आणि मराठीतच घ्या म्हणजे कळलं नाही अशी सबब नको. आमचा मजकूर साधारण असा आहे, हवा तर उचला:

"मी खाली सही करणार लिहून देतो/देते की, माझ्यावर आजपर्यंत कुठल्याही राज्यात पोलीस केस झालेली नाही / झाली आहे, तिची माहिती सोबत जोडली आहे. मुलांच्या बाबतीतल्या तक्रारीवरून मला कुठल्याही शाळेतून, क्लासमधून किंवा संस्थेतून काढलेलं नाही, किंवा चौकशी चालू असताना मी राजीनामा दिलेला नाही. आधीच्या संस्थांकडं माझ्याबद्दल चौकशी करायला माझी संमती आहे. ही माहिती खोटी निघाली तर मला कामावरून कमी करता येईल."

'चौकशी चालू असताना राजीनामा' हे वाक्य वाचताना काही जणांचा पेन थांबतो, ते बघत बसा.

उमेदवारावर आंदोलनाची केस आहे. मग काय, नाकारायचा?

हा प्रश्न बेळगावातच येणार! १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, सीमाभागातली मराठी माणसं काळा दिन पाळतात त्या फेरीत गेला म्हणून केस, २०१४ साली येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला बोर्ड काढला त्या वेळी तिथं होता म्हणून केस, आपल्याकडं घरटी एखादा सापडेल. पोलीस रिपोर्टमध्ये 'केस पेंडिंग' एवढंच दिसलं म्हणून घाबरून नाकारू नका. एफआयआरची कॉपी मागा, कलमं कुठली आहेत ते वकिलाला दाखवा. जमाव जमवला, घोषणा दिल्या, आणि मुलांच्या किंवा बाईच्या अंगावर हात टाकला, यात जमीन अस्मानाचा फरक आहे. आपल्याला बघायचंय की मुलं याच्याजवळ सुरक्षित आहेत का, त्याचं राजकारण नाही.

लपवलं तर मात्र गोष्ट वेगळी. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात हेच सविस्तर सांगितलंय, ते सरकारी नोकऱ्यांबद्दल होतं पण तत्त्व उपयोगी आहे: माहिती खरी द्यायला पाहिजे, आणि मालकानं पण केस किती गंभीर, काय स्वरूपाची हे बघून ठरवायचं, डोळे झाकून काढून टाकायचं नाही.

आणि लहान असताना काहीतरी केलं असेल तर?

बालन्याय कायदा २०१५ नुसार अठराच्या आतल्या गुन्ह्याचा डाग साधारणपणे पुढं नोकरीला लागत नाही. सोळा वर्षांवरच्या मुलानं अतिशय गंभीर गुन्हा केला असेल तर अपवाद आहे. स्वतःहून उकरून काढू नका.

गेस्ट टीचर, बिसीऊटच्या (दुपारच्या शालेय आहाराच्या) मावशी, सिक्युरिटी, रिक्षावाले... यांचं पण?

यांचंच आधी करा म्हणेन मी. पर्मनंट शिक्षकाची फाईल डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) ऑफिसपर्यंत जाते, चार जण बघतात. गेस्ट टीचर एका वर्षासाठी येतो, झाडणारा माणूस एजन्सीकडनं येतो, त्याचं नाव पण कुणी नीट लिहून घेत नाही. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये काय झालं आठवा, बालवाडीतल्या दोन चिमुकल्या मुली, आणि आरोपी कॉन्ट्रॅक्टवर आलेला सफाई कामगार, येऊन महिना पण झाला नव्हता. लोक रेल्वे रुळांवर उतरले.

एजन्सी म्हणते आम्ही व्हेरिफिकेशन केलंय. बरं, मग कागद दाखवा. नाव आणि फोटो त्याच माणसाचा आहे का ते गेटवर बघा, कारण एकाचा कागद आणि ड्यूटीला दुसराच, हे मी स्वतः पकडलंय. बदली माणूस सांगितल्याशिवाय पाठवायचा नाही हे एजन्सीच्या करारात लिहा.

रिक्षा, ओमनीचं म्हणाल तर गाडी शाळेनं ठरवलेली असेल तर ड्रायव्हर शाळेच्या जबाबदारीत धरा. पालकांनी आपापली ठरवलेली असेल तर पालकांनी मिळून करा, लायसन्स, पोलीस कागद, आणि मामाचा बदली मामा कोण ते. खाजगी ट्यूशन, कराटे क्लास, समर कॅम्प, नियमात 'मुलांसाठीची इतर कुठलीही सोय' असं म्हटलंय, त्यामुळं आम्ही लहान आहोत हे कारण चालत नाही.

रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोवर वर्ग कोण घेणार?

खरी अडचण आहे, मान्य. घ्यायचंच झालं तर ऑर्डरमध्ये 'पोलीस रिपोर्टच्या अधीन राहून' लिहा, आणि तोवर एकटं सोडू नका: शेजारचा वर्ग भरलेला असेल अशी खोली, दार उघडं, सहलीला पाठवायचं नाही, शाळा सुटल्यावर जादा तास नाही. टॉयलेटकडं लहान मुलांना न्यायला बाईच पाहिजे. खरं तर रिपोर्ट आल्यावर पण यातलं बरंचसं चालू ठेवा.

एखाद्या मुलानं काही सांगितलं तर आधी कमिटीची मीटिंग घ्यायची का?

नाही. पोलीस आधी. पोक्सोचं १९ वं कलम म्हणतं की गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होईल अशी भीती असेल तर कळवायलाच पाहिजे. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. बदलापूरच्या शाळेच्या मॅनेजमेंटवर पण न कळवल्याची केस झाली.

हद्दीचा वाद घालू नका. पोरगं चंदगड तालुक्यातलं, शाळा बेळगावातली, गाडीत घडलं, मग कुठलं स्टेशन? कुठलंही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १७३ व्या कलमात झिरो एफआयआर आहे, स्टेशन कुठलं का असेना तक्रार घ्यावीच लागते, मग ते योग्य ठिकाणी पाठवतात. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर दोन्ही राज्यांत लागतो.

आणि मुलाला पाच जणांपुढं उभं करून परत परत सांगायला लावू नका. एकदा ऐका, त्याच्या शब्दांत लिहून ठेवा, बास. मुलाचं नाव व्हॉट्सॲपवर गेलं तर तो वेगळा गुन्हा.

यात चांगल्या माणसाची उगाच बदनामी होत नाही का?

होते कधी कधी, म्हणूनच गल्लीतल्या कुजबुजीपेक्षा लेखी चौकशी बरी. २०१७ साली गुरुग्रामला एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, पोलिसांनी लगेच बसच्या कंडक्टरला धरलं, टीव्हीवर त्याला खुनी ठरवून पण झालं, आणि सीबीआयनं तपास केल्यावर तो निर्दोष निघाला. गरीब माणूस हाताशी सापडतो म्हणून त्याच्यावर सगळं ढकलायचं, हे पण होतं. म्हणून नियम सगळ्यांना सारखा, चेअरमनच्या भाच्याला पण. प्रामाणिकपणे तक्रार कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, तक्रार सिद्ध झाली नाही तरी.

पालक म्हणून मी शाळेला विचारू शकतो का?

विचारा की. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या) मीटिंगमध्ये विचारा, खाजगी असेल तर पालक सभेत. कुणाचा रिपोर्ट वाचायला मिळणार नाही, तो त्या माणसाचा खाजगी कागद आहे, पण 'किती स्टाफ, कितींचं झालं, शेवटचं कधी' एवढं सांगायला शाळेनं लाजू नये. टाळाटाळ झाली तर बीईओंना लेखी द्या, नाहीतर जिल्हा बाल संरक्षण घटकाला.

हे सगळे कागद ठेवायचे कुठं?

कपाटात, कुलपात. किल्ली हेडमास्तर आणि क्लार्क. कागदाचे फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या एका सदस्याशी माझं भांडण झालंय, अजून बोलत नाहीत.

गॅदरिंगला डान्स बसवायला आठ दिवसांसाठी बाहेरनं पोरं येतात, त्यांचं पण व्हेरिफिकेशन?

आठ दिवसांत रिपोर्ट येणार नाही हे मला पण माहीत आहे. ओळखपत्राची कॉपी घ्या, ते स्टाफवर नसले तरी वरचा मजकूर सही करून घ्या, आधी जिथं बसवला त्या शाळेला फोन करा. प्रॅक्टिस हॉलमध्येच, दार उघडं, एक बाई पूर्ण वेळ खुर्ची टाकून बसलेल्या. कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी जायचं नाही, आणि मुलींचे मोबाईल नंबर त्यांच्याकडं जायचे नाहीत, निरोप असेल तो बाईंच्या फोनवरून.